रीतिवर्तमान आणि तारणाची शाश्वती : योहानाच्या पहिल्या पत्रातील एका वादाचे परीक्षण

योहानाच्या नावावर असलेले पहिले पत्र नव्या कराराच्या अखेरच्या भागात येते. अध्याय अवघे पाच, शब्दसंग्रह तुटपुंजा आणि वाक्यरचना इतकी सरळ की, नव्या कराराचे ग्रीक शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पुष्कळदा प्रथम हेच पत्र देण्यात येते. अशा या सोप्या पत्रातील दोन विधाने मात्र परस्परांसमोर उभी ठाकलेली दिसतात. पहिल्या अध्यायाच्या आठव्या वचनाचा आशय असा की, आपल्या ठिकाणी पाप नाही असे म्हणणारे स्वतःचीच वंचना करतात. तिसऱ्या अध्यायाच्या नवव्या वचनाचा आशय असा की, देवापासून जन्म पावलेला कोणीही पाप करीत नाही. इतकेच नव्हे, तर पाप करणे त्यास शक्यच नाही, कारण देवाचे बीज त्याच्या ठायी टिकून असते. पहिले विधान स्वीकारावे तर दुसऱ्याच्या कसोटीस कोणीच उतरत नाही. दुसरे स्वीकारून स्वतःस लावावे, तर पहिल्याने ज्यास आत्मवंचक म्हटले त्याच्याच पंक्तीस आपण जाऊन बसतो.

हा पेच केवळ भाष्यकारांचा नव्हे. ज्याच्या हातून पुनःपुन्हा तेच पाप घडते असा एखादा श्रद्धावान माणूस ते नववे वचन वाचतो, तेव्हा त्याच्यापुढे फार मोठा प्रश्न उभा राहतो. आपला नवा जन्म झालाच नव्हता की काय? की झाला होता, परंतु आपण तो गमावला? आणि एकदा लाभलेले तारण कधीच गमावत नाही हे खरे मानले, तर मग या रोजच्या पापाला काही अर्थ उरतो की नाही? या पेचातून व्याकरणाच्या साहाय्याने वाट काढण्याचा जो एक मार्ग गेल्या शतकात विशेष रूढ झाला, त्याचे परीक्षण करणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रस्तुत लेखक धर्मशास्त्राचा अभ्यासक नाही. परंतु व्याकरणाच्या नावाने जे काही सांगितले जाते, त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार भाषाशास्त्राच्या अभ्यासकास असावा.

वादाचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. ऑगस्टिनने आयुष्याच्या अखेरीस, सुमारे 428–29 मध्ये, शेवटपर्यंत टिकून राहणे ही देखील देवाचीच देणगी होय, असे प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहिला. 1547 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने असे ठरविले की, कोणत्याही प्राणघातक पापाने नीतिमत्त्वाची कृपा नष्ट होते, आणि आपण कृपेत आहोत अशी श्रद्धेच्या कोटीची निश्चिती विशेष प्रकटीकरणावाचून कोणासही होऊ शकत नाही. आर्मिनियसच्या अनुयायांनी 1610 मध्ये सादर केलेल्या पाच कलमांपैकी शेवटच्या कलमात हा प्रश्न मोकळाच ठेवला होता. त्याचा शास्त्राधारे अधिक शोध व्हावा, एवढेच त्यांचे म्हणणे. 1618–19 च्या डॉर्टच्या धर्मसभेने तो मिटविला. दावीद व पेत्र यांच्याप्रमाणे देवाचे निवडलेले लोकही घोर पापात पडू शकतात, परंतु ते पूर्णतः आणि अंतिमतः कृपेतून निखळत नाहीत, असा तिचा निर्णय. पुढे 1999 मध्ये ल्यूथरपंथीय व रोमन कॅथॉलिक यांनी आउग्सबुर्ग येथे नीतिमान ठरविण्याच्या सिद्धान्तासंबंधी संयुक्त जाहीरनाम्यावर स्वाक्षऱ्या केल्या, त्यातही तारणाची निश्चिती आणि श्रद्धावंताच्या ठिकाणी उरणारे पाप या दोन्ही बाबींस स्वतंत्र परिच्छेद द्यावे लागले. यावरून वादाचे आयुष्य लक्षात येईल.

आता व्याकरणाच्या उपायाकडे वळू. ग्रीक क्रियापदास काळापेक्षा क्रियाव्याप्तीची चाड अधिक, ही गोष्ट सर्वमान्य आहे. क्रिया एकवट घडून गेलेली म्हणून पाहावयाची असेल तर अओरिस्ट, म्हणजे संस्कृत वैयाकरणांच्या लुङ्चा नातलग, योजला जातो. क्रिया चालू असलेली, पसरलेली वा आवर्तनात्मक म्हणून पाहावयाची असेल तर वर्तमान प्रकृती योजली जाते. तिसऱ्या अध्यायातील क्रियापदे वर्तमान प्रकृतीची आहेत. उलट दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या वचनात, जेथे कोणाच्या हातून पाप घडलेच तर आपल्यासाठी एक कैवारी आहे असे आश्वासन दिले आहे, तेथे अओरिस्ट आहे. यावरून असा निष्कर्ष काढण्यात आला की, देवजन्म्याच्या हातून एखादे पाप घडू शकते, मात्र तो पापाची सवय बाळगीत नाही. आपल्या मराठी व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर नवव्या वचनातील वर्तमान हा रीतिवर्तमान होय. जॉन स्टॉट यांच्या 1964 च्या भाष्याने हे मत सामान्य वाचकांपर्यंत पोचविले. 1970 नंतरच्या दशकात तयार झालेल्या न्यू इंटरनॅशनल व्हर्शन या इंग्रजी भाषांतराने 'चालू ठेवणे' या अर्थाचे क्रियापद मजकुरातच घातले, आणि 2001 च्या इंग्लिश स्टँडर्ड व्हर्शनने पापाचा 'परिपाठ' अशा अर्थाची रचना पसंत केली. 1611 च्या भाषांतरात यांपैकी काहीही नव्हते. भाष्यकाराचे मत मुळातच विलीन झाले म्हणजे वाचकास पेच उरत नाही, हे खरे. परंतु पेच होता हेही त्यास कळत नाही.

या मतास विरोध झाला नाही असे नाही. सी. एच. डॉड यांनी 1946 च्या आपल्या भाष्यात अशी शंका व्यक्त केली की, इतका नाजूक सिद्धान्त केवळ काळरूपांच्या भेदावरून, अन्य कोणतेही मार्गदर्शन नसता, वाचकाने ओळखावा अशी अपेक्षा करणे कितपत योग्य? 1969 मध्ये साकाए कुबो यांनी या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला, आणि डॅनियल वॉलेस यांनी 1996 च्या आपल्या व्याकरणग्रंथात हा उपाय नाकारला. त्यांचे सर्व युक्तिवाद येथे पुन्हा मांडण्याचे प्रयोजन नाही. आम्हांस जे निर्णायक वाटते तेवढेच सांगतो.

पहिली गोष्ट, स्वार्थी वर्तमानकाळात ग्रीक लेखकास निवडीस वावच नसतो. भूतकाळाविषयी बोलताना तो अओरिस्ट आणि अपूर्णभूत यांतून एक निवडतो, म्हणून त्या निवडीस अर्थ असतो. 'पाप करतो' किंवा 'करीत नाही' असे सामान्य विधान करावयाचे असता बहुधा एकच रूप हाताशी असते. जेथे पर्याय नाही तेथे निवडीवर सिद्धान्त उभारता येत नाही, हा आपल्या शास्त्राचा पहिला धडा. दुसऱ्या अध्यायातील अओरिस्ट संकेतार्थातला आहे, तेथे पर्याय होता. म्हणजे तुलना केली जाते ती दोन विषम वस्तूंची.

या मताच्या पुरस्कर्त्यांचे खरे बळ आहे ते नवव्या वचनाच्या उत्तरार्धात. 'शक्य नाही' या क्रियापदापुढे तुमन्त येते, आणि तुमन्तात पर्याय असतो. 'हमार्तेइन्' हे अओरिस्टचे रूप उपलब्ध असता लेखकाने 'हमार्तानेइन्' हे वर्तमानाचे रूप घेतले. येथे थांबून विचार करणे भाग आहे, आणि विरोधी पक्षातील काही लेखक हा मुद्दा उगीच घाईने ओलांडून जातात असे आम्हांस वाटते. परंतु योहानाच्या परंपरेतील अन्य प्रयोग पाहावेत. शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात पुत्राला स्वतः होऊन काही करणे शक्य नाही असे म्हटले आहे. पंधराव्या अध्यायात शिष्यांना त्याच्यावाचून काहीच करणे शक्य नाही असे सांगितले आहे. दोन्ही ठिकाणी नकारार्थी 'शक्य' आणि त्यापुढे वर्तमान प्रकृतीचे तुमन्त आहे. पुत्र स्वतः होऊन अधूनमधून काही करतो, मात्र तशी सवय ठेवीत नाही, असा अर्थ तेथे कोणीही केला नाही. याच पत्राच्या चौथ्या अध्यायात, बंधूचा द्वेष करणाऱ्यास देवावर प्रीती करणे शक्य नाही असे विधान आहे. तेथेही रूप तेच. शक्यतेचा समूळ नकार करण्याची ही या लेखकाची रूढ रीत दिसते.

अधिक अडचणीची बाब पाचव्या अध्यायात आहे. सोळाव्या वचनात, आपला बंधू मरणास न नेणारे पाप करीत असलेला कोणास दिसला, तर त्याने त्याच्यासाठी प्रार्थना करावी व देव त्यास जीवन देईल, असे सांगितले आहे. 'पाप करीत असलेला' हे कृदन्त वर्तमान प्रकृतीचे आहे. वर्तमान म्हणजे सवय हा नियम येथे लावला, तर सवयीचा पापी हा 'बंधू'ही ठरतो आणि जीवनाचा अधिकारीही ठरतो. दोनच वचने पुढे, अठराव्या वचनात, देवजन्मा पाप करीत नाही हे विधान पुन्हा येते. एक नियम दोन वचने टिकत नाही, तर तो नियम नव्हे. तिसऱ्या अध्यायाच्या आठव्या वचनात सैतानाच्या पापाचे सातत्य खरोखर अभिप्रेत आहे. पण तेथे लेखकाने 'आरंभापासून' असा क्रियाविशेषणात्मक शब्दप्रयोग केला आहे. सातत्य सांगावयाचे असते तेव्हा तो ते सांगतो.

आणखी एक दोष अर्थविचाराचा आहे. 'पाप करीत राहत नाही' या रचनेत पाप आधी घडू लागले आहे हे गृहीतच असते. 'तो दारू पीत राहत नाही' असे आपण कोणाविषयी म्हणू? ज्याने ती कधीतरी तोंडास लावली आहे त्याच्याविषयीच. मूळ ग्रीकमध्ये हे गृहीतक नाही. ते भाषांतराने आत आणले. शिवाय या अर्थाने श्रद्धावंताचे समाधान होते असे मानणे हाही भ्रमच आहे. सवय म्हणजे किती वेळा? एकच पाप वर्षातून एकदा, पण दरवर्षी घडले, तर ती सवय म्हणावयाची की योगायोग? रोज घडणारा लहानसा मत्सर आणि आयुष्यात एकदाच केलेला विश्वासघात यांत रीतिवर्तमान कोणता? ज्या माणसास निश्चिती द्यावयाची होती त्याच्या हाती आपण एक वही देतो आणि मोजीत बस म्हणून सांगतो. आणि असा हिशेब ठेवण्याचा स्वभाव ज्याचा असतो, त्याची वही कधी मिटत नाही.

मग या दोन विधानांचा मेळ कसा घालावा? आमच्या मते क्रियाव्याप्तीऐवजी पुरुषाकडे पाहिले असते, तर व्याकरणाने या पत्राच्या वाचकास अधिक साहाय्य केले असते.

पत्रातील विधाने कोण, कोणाविषयी, कोणत्या पुरुषात करतो हे नोंदवून पाहावे. निष्पापतेची विधाने तीन ठिकाणी आहेत : तिसऱ्या अध्यायाची सहावी व नववी वचने आणि पाचव्याचे अठरावे. तिन्ही तृतीय पुरुषात आहेत, आणि तिन्हींची घडण 'जो जो अमुक, तो तो' अशी सार्वत्रिक आहे. पापाची कबुली मात्र पहिल्या अध्यायात प्रथम पुरुषाच्या अनेकवचनात आहे. प्रथम पुरुषी एकवचनात लेखक स्वतःविषयी 'मी लिहितो' यापलीकडे फारसे काही म्हणतच नाही. 'मी त्यास ओळखतो', 'मी देवावर प्रीती करतो' अशा अर्थाचे आध्यात्मिक दावे पत्रात एकवचनी येतात ते दुसऱ्याच्या तोंडी, दुसऱ्या व चौथ्या अध्यायांत, आणि त्यांस लागलीच खोडून काढण्यासाठी. 'जो म्हणतो की' असे शब्द आले, की पुढे खंडन येणार हे वाचकाने ओळखावे. दुसऱ्या अध्यायाच्या एकोणिसाव्या वचनावरून काही लोक मंडळीतून फुटून निघाले होते असे दिसते. हे दावे त्यांच्या बोलण्याचे पडसाद असावेत.

म्हणजे 'देवजन्मा पाप करीत नाही' हे विधान पत्रलेखक करतो. 'मी पाप करीत नाही' हे विधान तो कोणासही करू देत नाही. हा विरोध दोन सिद्धान्तांमधला नसून एकच वाक्य कोणाच्या तोंडी शोभते यासंबंधीचा आहे.

असे विधान भाषेत कसे काम करते, हे समजण्यास मराठी भाषकाला फार दूर जावे लागत नाही. नुकतीच खोडी केलेल्या मुलास आई म्हणते, "शहाणी मुले असे करीत नसतात." वाक्य तृतीय पुरुषी, सार्वत्रिक आणि वस्तुस्थितीच्या दृष्टीने उघडउघड खोटे, कारण समोर उभा असलेला मुलगा आत्ताच ते करून चुकला आहे. तरीही ते वाक्य त्यास शहाण्यांच्या यादीतून वगळण्यासाठी उच्चारलेले नसते. उलट, तू त्यांच्यातला आहेस, हे गृहीत धरल्यावाचून त्यास अर्थच येत नाही. परक्याच्या मुलास आई असे म्हणत नाही. आणि मुलाने उलट "मी शहाणा आहे, म्हणून मी असे करीत नसतो" असा जबाब दिला, तर तो उद्धटपणा ठरेल. 'करीत नसतो' हे आपले रूप सवयीचे वर्णन करीत नाही, जातीचा धर्म सांगते. ज्या पत्रात वाचकांस पुनःपुन्हा 'लेकरांनो' अशी हाक मारली आहे, त्या पत्रातील हे वाक्य या जातीचे असावे असे आम्हांस वाटते.

या तुलनेस मर्यादा आहे. आईच्या वाक्यात 'शक्य नाही' हे शब्द नसतात. बीजाची जी उपमा लेखकाने योजली आहे तिच्यामागे जन्माची आणि वंशाची कल्पना आहे, केवळ संस्कारांची नाही. स्टोइक तत्त्वज्ञांचा ज्ञानी पुरुषही चुकत नसे, आणि आपणच तो ज्ञानी पुरुष असा दावा त्या पंथाचे आचार्य करीत नसत; गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाची लक्षणेही तृतीय पुरुषातच सांगितली आहेत. परंतु ती दोन्ही चित्रे साध्याची आहेत. योहानाचा देवजन्मा साधनेने झालेला नाही, जन्मलेला आहे. आणि जन्मासाठी लेखक सर्वत्र पूर्ण प्रकृतीचे रूप वापरतो, ज्याचा अर्थ क्रिया घडून गेली व तिचा परिणाम टिकून आहे, असा होतो. शाश्वतीच्या बाजूने या पत्रात व्याकरणाचा काही पुरावा असेल तर तो येथे आहे, वर्तमानकाळात नाही.

आमच्या मांडणीस अपवाद दाखविता येतील, ते लपविण्यात अर्थ नाही. तिसऱ्या अध्यायाच्या चौदाव्या वचनात, आपण मरणातून जीवनात पार गेलो आहो हे आपणांस ठाऊक आहे, अशी निश्चिती प्रथम पुरुषात उच्चारली आहे. तेव्हा शाश्वती प्रथम पुरुषात येतच नाही असे म्हणता येणार नाही. परंतु ती 'मी'ची नाही. समुदायाची आहे, आणि तिचा आधार निष्पापतेचा नसून बंधुप्रीतीचा आहे. आणखी पाच वचने पुढे गेले की, आपले अंतःकरण आपणांस दोषी ठरवीत असता देव आपल्या अंतःकरणाहून मोठा आहे, हा विचार येतो. जेथे 'तुम्ही' येते तेथे मात्र लेखक बिनशर्त बोलतो : तुमच्या पापांची क्षमा झाली आहे, तुम्हांस सार्वकालिक जीवन आहे हे तुम्हांस कळावे म्हणून मी लिहितो.

हीच हालचाल अन्यत्रही आढळते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात, एकदा प्रकाश मिळून पतित झालेल्यांस पश्चात्तापाकडे पुन्हा आणणे अशक्य, अशी जी भयंकर वचने आहेत त्यांनी शाश्वतीच्या पुरस्कर्त्यांस नेहमीच अडचणीत आणले. ती सर्व तृतीय पुरुषात आहेत. नवव्या वचनात लेखक 'प्रियजनहो' म्हणून 'तुम्ही'कडे वळतो आणि तुमच्याविषयी आमची खात्री याहून चांगली आहे असे सांगतो. दहाव्या अध्यायात मात्र बुद्धिपुरस्सर पाप करण्याविषयीचा इशारा 'आपण' या पुरुषातच दिलेला आहे. म्हणजे पाप आणि इशारा यांतून लेखक स्वतःस वगळीत नाही, फक्त दोषी ठरविण्यासाठी 'तुम्ही'चा उपयोग करीत नाही.

या संदर्भात मराठी भाषांतराने एक गोष्ट अशी साधली आहे की जी ग्रीकला, लॅटिनला व इंग्रजीलाही साधत नाही. ग्रीकमध्ये प्रथम पुरुषाचे अनेकवचन एकच. श्रोत्यास धरून बोलणारे 'आपण' आणि त्यास वगळून बोलणारे 'आम्ही' हा भेद आपल्या भाषेत आहे, आणि तो द्रविड भाषांच्या सान्निध्याने आला असावा असे मत पुष्कळ अभ्यासकांनी मांडले आहे. प्रचलित मराठी भाषांतरात पत्राच्या आरंभी, जेथे लेखक आपण पाहिल्याऐकल्याची ग्वाही देतो, तेथे 'आम्ही' आहे. सहाव्या वचनापासून, जेथे पापाचा विषय निघतो, तेथे 'आपण' आहे. साक्षीच्या वेळी लेखक वाचकाहून वेगळा, पापाच्या वेळी त्याच्या शेजारी. भाषांतरकारांस हा निर्णय टाळताच आला नसता, आणि त्यांनी तो अचूक घेतला. येथेही मत मजकुरात विलीन झाले आहे हे खरे. पण ते भाषेच्या सक्तीने झाले आहे, भाष्यकाराच्या सोयीने नव्हे.

पुढील इतिहासात हे तृतीय पुरुषी विधान प्रथम पुरुषात ओढून आणण्याचा उद्योग वारंवार झाला. 1592 मध्ये विल्यम पर्किन्स याने, आपण देवाचे लेकरू आहो की नाही हे माणसाने कसे ओळखावे, या प्रश्नास वाहिलेल्या पुस्तकात नेमके हेच पत्र मंडळी आणि योहान यांच्या संवादाच्या रूपाने मांडले. प्यूरिटन परंपरेत जो व्यावहारिक न्याय पुढे रूढ झाला, त्याची घडण उघड आहे : ज्याच्या ठायी अमुक चिन्ह तो देवाचा, माझ्या ठायी ते चिन्ह आहे, म्हणून मी देवाचा. मधले वाक्य प्रथम पुरुषी एकवचनात आहे, आणि सर्व यातना त्या मधल्या वाक्यात साठल्या आहेत. कॅल्व्हिनचा रोख स्वतःत डोकावण्यापेक्षा ख्रिस्ताकडे पाहण्यावर होता, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल.

वेस्लीचे उदाहरण अधिक बोलके आहे. कृपेतून पतन होऊ शकते असे मानणारा, आणि त्याबरोबरच ख्रिस्ती परिपूर्णता या आयुष्यात शक्य आहे असेही शिकविणारा हा पुरुष. जाणूनबुजून केलेले उल्लंघन तेच खरे पाप, अशी व्याख्या करून त्याने नववे वचन शब्दशः घेण्याची सोय करून ठेवली होती. परंतु 1767 मध्ये एका वृत्तपत्रास लिहिलेल्या पत्रात त्याने स्पष्ट कळविले की, आपण जे चित्र रेखाटतो ते आपल्यास साधलेले नाही. सिद्धान्त तृतीय पुरुषात पूर्ण. प्रथम पुरुषात नकार. योहानाच्या पत्राशी तो येथे जितका एकनिष्ठ आहे तितका त्याच्या व्याख्येत नाही.

पुनरुज्जीवनाच्या चळवळींनी साक्षीचा जो वाङ्मयप्रकार रूढ केला, त्यास एकवचनी 'मी' अपरिहार्यच होता. पंडिता रमाबाईंनी 1907 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत, 1883 च्या बाप्तिस्म्याच्या वेळी आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि तो पुढे काही वर्षांनी मिळाला, अशा आशयाचे निवेदन केले आहे. ते निवेदन 'मी'चे असले तरी त्यात स्वतःच्या निष्पापतेचा दावा नाही, मिळालेल्या वस्तूची नोंद आहे. केडगावच्या मुक्ति सदनात त्यांनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर 1924 मध्ये, त्यांच्या निधनानंतर, पूर्ण छापून झाले. योहानाचे हे पत्र त्यांनी शब्दशब्दाने हाताळले होते, हे त्यांची साक्ष वाचताना विसरू नये.

'तारण' या आपल्या शब्दाविषयी एक आनुषंगिक गोष्ट सांगावीशी वाटते. ख्रिस्ती मराठीत तो मुक्तीचा वाचक आहे. बाजारात तो कर्जापोटी ठेवलेल्या वस्तूचा वाचक आहे. मूळ धातू एकच, अर्थ मात्र दोन वाटांनी गेले. यावर शब्दश्लेष करून शाश्वतीचा सिद्धान्त सिद्ध करण्याचा मोह कोणास झाला, तर तो आवरलेला बरा. असे श्लेष एका भाषेपुरतेच खरे असतात. परंतु पौलाने इफिसकरांस लिहिताना पवित्र आत्म्यास जो शब्द लावला आहे तो खरोखरच व्यापारातला आहे. 'अर्राबोन' हा सेमिटिक भाषांतून ग्रीकमध्ये आलेला उसना शब्द. मराठीत त्यास 'विसार' हा नेमका प्रतिशब्द योजला गेला. विसार देणारा बांधला जातो, घेणारा नव्हे. सौदा मोडला तर बुडते ती देणाऱ्याची रक्कम. येथेही क्रियापदाच्या व्याप्तीपेक्षा कर्ता कोण हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो.

तोच प्रश्न पाचव्या अध्यायाच्या अठराव्या वचनात पाठभेदाच्या रूपाने उभा राहतो. देवजन्मा पाप करीत नाही, असे सांगून झाल्यावर लेखक पुढे म्हणतो की, 'देवापासून जन्मलेला' कोणास तरी राखतो. व्हॅटिकन हस्तलिखितात 'अउतोन', म्हणजे 'त्यास', असा पाठ आहे. सिनाई हस्तलिखितात 'हेअउतोन', म्हणजे 'स्वतःस'. पूर्वीच्या मुद्रित ग्रीक प्रतींत दुसरा पाठ असल्याने 1611 च्या इंग्रजी भाषांतराने तो घेतला. 1881 च्या सुधारित भाषांतराने पहिला पसंत केला. दुसरा पाठ खरा मानला तर श्रद्धावंत स्वतःच स्वतःस राखतो, आणि शाश्वतीचा भार त्याच्या खांद्यावर येतो. पहिला खरा मानला तर राखणारा दुसराच कोणी, बहुधा ख्रिस्त, आहे. येथे काळरूपाचा पुरावा खरोखर उपयोगी पडतो. श्रद्धावंताच्या जन्मासाठी हा लेखक अन्यत्र नेहमी पूर्ण प्रकृतीचे रूप योजतो; या एकाच जागी त्याने अओरिस्ट योजला आहे, आणि तोही त्याच वचनात पूर्ण प्रकृतीचे रूप नुकतेच वापरून झाल्यावर. एका वचनात दोन रूपे, पर्याय उपलब्ध, निवड बुद्धिपुरस्सर. म्हणून राखणारा आणि राखला जाणारा हे दोघे भिन्न आहेत, आणि 'त्यास' हाच पाठ मूळचा असावा, असे आमचे मत आहे.